भिंतीवरचे औषध

‘औ’ निघाला होता. ‘ष’ अर्धा राहिला होता. ‘ध’ला अजून हात लागला नव्हता. स्टुलावर उभे राहून एक गृहस्थ खुरप्याने समाजमंदिराची भिंत खरवडत होते. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. ऑइल पेंटचे कपचे त्यांच्या चष्म्यावर पडत होते आणि ते चष्मा पुसत नव्हते.

भिंतीला लागून हळदीचा मांडव होता. माझ्या एका विद्यार्थिनीची हळद. पंगत बसली होती, मी शेवटच्या पानावर होते.

“साहेब, हलद हाय आज,” वाढणाऱ्यांपैकी एक जण ओरडले. “धूल येतंय जेवनान. उद्या खरवडा.”

“इतकी वर्सां ह्या भिंतीखाली जेवलाव,” स्टुलावरून उत्तर आले. “आज जरा धूल खावा.”

“पेन्शन चालू झाली आनि साहेबांना अक्कल आली,” दुसरे म्हणाले. पंगत हसली. स्टुलावरचे गृहस्थही हसले. खुरपे थांबले नाही.

जेवण झाल्यावर मी भिंतीपाशी गेले. खरवडलेल्या अक्षरांच्या खुणांवरून पूर्ण वाक्य अजून वाचता येत होते: वेळेवर औषध, भरघोस पीक. मी विचारले, एकच शब्द का काढता? त्यांनी मला विचारले, तुम्ही काय करता? मी डोंबिवलीच्या कॉलेजात मराठी शिकवते असे सांगितले. ते स्टुलावरून उतरले.

“मग तुम्हीच सांगा मॅडम. विषाला औषध म्हणायला कुणी सुरुवात केली?”

मी म्हणाले, लोक म्हणतात. रूढ शब्द आहे.

“लोक नाही. मी म्हणालो. माझं ऐकून लोक म्हणायला लागले. हे वाक्य मी रचलंय.”

जनार्दन गायकर यांची आणि माझी ओळख अशी झाली. त्याला सतरा वर्षे झाली. कृषी सहायक म्हणून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा तीन महिने झाले होते. यंदा ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे गौरव समितीने सांगितले. लेख प्रसन्न असावा, असेही सांगितले. मला ते जमलेले नाही. ज्यांना प्रसन्न लेख वाचायचे आहेत त्यांच्यासाठी या ग्रंथात पुष्कळ आहेत.

कारण मी हे लिहीत आहे तेव्हा नंदाताई नावाच्या एका बाईंच्या घरी टेबलावर एक कागद पडला आहे. मंगळवारी सकाळी साडेदहाला कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांनी त्यावर सही करायची, असे ठरले आहे. सही झाली तर गायकर साहेबांनी सतरा वर्षांत उभे केलेले सगळे जाईल. समितीतल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तरीही शाल कोणत्या रंगाची घ्यायची यावर गेल्या बैठकीत अर्धा तास चर्चा झाली.

नंदाताई कोण, हे आधी सांगायला हवे.

साहेबांच्या नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट आहे. ते तालुक्यातल्या गावांमध्ये प्रात्यक्षिके घेत. पंप पाठीला लावून स्वतः फवारत. बाटलीवरचा विषाच्या खुणेचा लाल त्रिकोण अंगठ्याखाली झाकला जाई. मुद्दाम नव्हे, बाटली धरायची पद्धतच तशी. “घाबरू नका, औषध आहे,” ते सांगत. साहेब आगरी, गावचेच, गावच्या बोलीत सांगणारे. त्यांच्यावर लोकांचा विश्वास होता. खात्याला तेच हवे होते.

त्यांच्याच गावात देवळामागच्या घरातल्या एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून वांग्यावर मारून उरलेले ते पाणी तिच्या केसांना चोळले. वरून फडके बांधले. वांग्यावरची कीड मरते तर उवाही मरतील, आणि साहेबच म्हणाले की औषध आहे. यात त्या बाईंचे काय चुकले, ते मला सतरा वर्षांत कुणी पटवून देऊ शकलेले नाही. औषध अंगाला लावतात. बाईंनी शब्दावर विश्वास ठेवला. त्यांना दुसरा शब्द कुणी दिलाच नव्हता.

मुलगी टेम्पोतून ठाण्याच्या दवाखान्यात गेली. वाचली. डावा पाय कायमचा लुळा पडल्यासारखा राहिला. ती मुलगी म्हणजे नंदाताई.

त्यानंतर साहेबांनी सोळा वर्षे नोकरी केली. ज्या भिंतीजवळ मी त्यांना पाहिले ती भिंत त्यांनी या घटनेच्या दुसऱ्या वर्षी रंगवून घेतली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितले आणि लिहायला लावले. “हे लिहिणार नसाल तर काहीच लिहू नका,” असे त्यांचे शब्द. समितीला ही अट आवडलेली नाही. गौरवग्रंथात असे काही नसते, असे मला फोनवर सांगण्यात आले. असेलच तर ‘संघर्षमय कालखंड’ म्हणा, अशी सूचनाही आली. मी म्हणत नाही. साहेबांनी ज्या शब्दाने पाप केले आणि तुम्ही ज्या शब्दाने ते झाकू पाहता, त्या दोन शब्दांत मला फारसा फरक दिसत नाही.

निवृत्तीनंतर साहेब घरोघर गेले. ज्या ज्या घरी त्यांनी बाटली नेली होती त्या त्या घरी. “मी चुकलो,” म्हणाले. माणसे चहा देत आणि हसत. एका म्हाताऱ्यांनी विचारले, “तवा पगार घेतलाव सांगायचा, आता पेन्शन घेताव माफी मागायची. आमाला काय मिलाला?” साहेब म्हणाले, “काय नाय मिलाला.” आणि पुढच्या घरी गेले. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याकडे ते दुसऱ्यांदा गेले. ज्यांनी “जाऊ द्या साहेब, तुमचा काय दोष” म्हटले, त्यांच्याकडे तिसऱ्यांदा.

भिंती खरवडून शेती होत नाही, हे त्यांना कळत होते. त्यांचे स्वतःचे खाचर शीळफाट्याकडून कल्याणला येताना रस्त्यापासून आत आहे. तिथे त्यांनी लाल भात लावला आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. बांधावर गिरिपुष्प लावले, त्याचा पाला चिखलात तुडवला. फवारणी नाही, खताच्या गोण्या नाहीत. पहिली तीन वर्षे काहीही आले नाही. तुडतुड्यांनी भात वाळवला. जमिनीला सवय लावली होती, ती सुटायला वेळ लागतो. गावाला हे बघणे म्हणजे करमणूक होती. “साहेबांनी आता किड्यांसाठी प्रात्यक्षिक ठेवलंय,” असे नाक्यावर म्हणत. चौथ्या वर्षी बेडूक आले. पाचव्या वर्षी भात आला.

शेजारच्या पाच जणांनी मग त्यांच्यासारखे करायला घेतले. त्यांतला मधला तुकडा नंदाताईंच्या वडिलांचा. वडील थकल्यावर नंदाताई आणि त्यांचे यजमान देवळामागच्या घरीच राहून तो कसू लागले, आणि गेली आठ वर्षे त्याही तुकड्यात बाटली आलेली नाही. ओहोळ याच तुकड्यातून वाहतो. सगळ्या खाचरांना पाणी यातूनच मिळते आणि जास्तीचे पाणीही यातूनच जाते. हा तुकडा भराव टाकून उचलला की वरच्या खाचरांत पाणी तुंबणार आणि खालची कोरडी पडणार. ते समजायला कृषी पदवी लागत नाही. ज्यांनी घर बांधायला भराव टाकला आहे, त्या सगळ्यांना ते समजते.

आता माझ्या वाचकांविषयी, म्हणजे तुमच्याविषयी.

वर्तकनगर, घोडबंदर आणि डोंबिवली अशा तीन ठिकाणी आम्ही या खाचरांतली भाजी आणि तांदूळ पोहोचवतो. मी ते काम सुरुवातीपासून करते. तुमच्या तक्रारींचा माझ्याकडे मोठा साठा आहे. तांदूळ लाल का आहे? वाल बारीक का आहेत? भेंडी वाकडी का आहे? रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेली पालक तुम्ही हिरवीगार म्हणून घेता, आणि इथल्या माठाच्या पानाला भोक दिसले की फोटो काढून पाठवता. एका ताईंनी ग्रुपवर अर्ध्या कापलेल्या वांग्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘हे काय आहे???’ साहेबांनी आवाजातला निरोप पाठवला: “ताई, ती अळी आहे. तिला वांगं आवडलं. तुम्हालाही आवडेल.” त्या ताई ग्रुप सोडून गेल्या. त्यांच्या मागे आणखी चार जण गेले. त्यांची नावे या ग्रंथाच्या स्वागत समितीत आहेत. मी वाचली.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलाने साहेबांना व्याख्यानाला बोलावले होते. विषय होता ‘विषमुक्त अन्न’. आम्ही वाहतुकीत दीड तास अडकून पोहोचलो. फाटकाशी सेक्रेटरीबाई आल्या आणि म्हणाल्या, “सर, पाच मिनिटं आत बसा ना प्लीज. आज गार्डनमध्ये औषध मारायचंय. मुलांनापण आत घेतलंय.”

साहेब आत गेले नाहीत. ते बागेत गेले. तिथे एक गृहस्थ पाठीला पंप लावून झुडपांवर फवारत होते. तोंडाला काही नव्हते, पायात चप्पल नव्हती.

“ये क्या है?” साहेबांनी विचारले.

“दवाई है साब. कुछ नहीं होता.”

मी साहेबांकडे पाहिले. ते चिडतील असे वाटले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या गृहस्थांच्या नाकातोंडावर बांधला. मग त्यांना नळापाशी नेले, पंप उतरवला, साबण मागवला. हात कोपरापर्यंत धुवायला लावले. एकदा, पुन्हा एकदा. नखांतून. कपडे वेगळे धुवायचे, घरी पोरांना जवळ घ्यायच्या आधी आंघोळ करायची, हे त्यांना हिंदीतून सांगितले. साहेबांची हिंदी वाईट आहे. पण ते गृहस्थ ऐकत होते, कारण इतकी वर्षे पंप वाहूनही हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. वर सभागृहात माणसे वाट बघत होती. व्याख्यान झाले नाही. संकुलाच्या मासिकात पुढच्या महिन्यात ‘वक्ते वेळेवर पोहोचू शकले नाहीत’ असे छापून आले.

साहेबांच्या स्वभावाविषयी लिहायचे तर ही एवढीच आठवण पुरेशी आहे. ते माणसाला लाजवत नाहीत. ते काम मी करते.

आता पुन्हा त्या कागदाकडे.

नंदाताईंचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर दोन नावे लागली, थोरले बंधू दिनेशभाऊ आणि नंदाताई. दिनेशभाऊंना तो तुकडा एका बिल्डरला द्यायचा आहे. त्यासाठी बहिणीचे हक्कसोडपत्र हवे. आपल्याकडे हे कसे होते ते सांगायला नको. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, माहेर टिकते. सही केली नाही तर भाऊबीज बंद. मी स्वतः अशी सही केलेली आहे. कागद वाचलाही नव्हता. एम. ए. झाले होते.

बिल्डरचे नाव मी लिहीत नाही. शोधायचे असेल तर याच ग्रंथाची मागची पाने चाळा. तिथे पूर्ण पानाची रंगीत जाहिरात आहे: ‘भूमिपुत्र जनार्दन गायकर यांना पंचाहत्तरीनिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ ज्यांच्या पायाखालची भूमी घ्यायची आहे त्यांना पुत्र म्हणून शुभेच्छा द्यायला हिंमत लागते. मी ही गोष्ट संपादकांच्या कानावर घातली. ते म्हणाले, “मॅडम, छपाई कशातून करायची?” मग छापू नका. पंचाहत्तर वर्षांचा माणूस ग्रंथावाचून मरत नाही.

मी साहेबांना म्हणाले, तुम्ही नंदाताईंशी बोला. तुमचे त्या ऐकतील.

“नाही बोलणार.”

“का?”

“त्या घराला मी एकदा सल्ला दिलाय.”

मला त्यांचा राग आला. सतरा वर्षांत पहिल्यांदा इतका आला. मी म्हणाले, सहा जणांची शेती जाते आहे आणि तुम्ही सोवळे पाळता. सोमवारी दुपारी त्यांचाच फोन आला. “मी देवळामागे जातोय. तुम्ही येताय का? साक्षीला कुणीतरी हवं.”

नंदाताई ओटीवर वालाचे बी निवडत होत्या. दिनेशभाऊही तिथेच खुर्चीवर बसले होते. टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद होता आणि वर पेन ठेवलेले होते. इतके तयार पेन मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा पाहिलेले नाही.

आम्हाला पाहून दिनेशभाऊ उठले नाहीत. “यावा साहेब. मॅडमना पन आनलंव? बराय. आता तिकून भाषन होईल.”

“भाषण नाही,” मी म्हणाले. आणि केले. ओहोळ, भराव, बाकीचे चार शेजारी, सगळे सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “मॅडम, तुमी कंच्या माल्यावर रायता?”

“सातव्या.”

“ती बिल्डिंग कुनाच्या शेतान हाय?”

मी नंदाताईंकडे पाहिले.

“मी सांगू? माज्या मामाच्या. तितं पन भातच होता. तुमी सातव्या माल्यावर बसून वाकरी भेंडी खावाची आनि आमी खाली चिखलान उभा रावाचा. का? तुमाला पोटाला बरं वाटावा म्हनून?”

याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर त्यांना जाऊन सांगा. पत्ता समितीकडे मिळेल. दिनेशभाऊ लोभी आहेत असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत, कारखान्यांकडून येणारा नाला दर आठवड्याला रंग बदलतो, गावात पाण्याचा टँकर येतो आणि टॉवरमध्ये तरणतलाव आहे. त्यांनी एकट्यानेच शेतकरी का राहायचे? आपण त्यांना शेतकरी म्हणून पाहायला रविवारी गाडी घेऊन जातो, पोरांना चिखलात उभे करून फोटो काढतो आणि परत येतो. मला राग त्यांच्या प्रश्नाचा आला नाही. तो प्रश्न इतकी वर्षे मला कुणी विचारला नव्हता, याचा आला.

साहेब एवढा वेळ दाराशीच उभे होते. ते आत आले आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेला पिवळा कागद काढला. कार्बनची प्रत होती. सरकारी कचेरीत तिला स्थळप्रत म्हणतात: अस्सल कागद वर जातो, स्थळप्रत लिहिणाऱ्याकडे राहते.

“नंदा, हे वाच.”

“काय हाय?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा खात्याने अहवाल मागवला होता. मी लिहिला. वाच.”

नंदाताई सातवीपर्यंत शिकल्या आहेत. त्यांनी हात पदराला पुसले आणि मोठ्याने वाचले. ‘सदर महिलेने कीटकनाशक निष्काळजीपणे हाताळले. खात्यातर्फे पुरेसे मार्गदर्शन करण्यात आले होते.’ खाली सही होती.

मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले. त्या दोन ओळी ऐकताना मला जे दिसले ते लिहिते. कागदावर ‘कीटकनाशक’ असा शब्द होता. साहेबांना खरा शब्द तेव्हाही माहीत होता. तो वरिष्ठांसाठी होता. बाईंसाठी दुसरा होता.

मग दिनेशभाऊ म्हणाले, “बघ. ह्या मानसाचा आयकून तू आठ वर्सां शेती केलीस. आता तरी सही कर.”

नंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

“घरान पोलीस आला होता,” त्या साहेबांना म्हणाल्या. “आईसला इचारला, पोरीला मारायची होती का. तुमच्या ह्या कागदामुलं?”

“हो.”

“आईसनी परत कदी माज्या केसांना हात नाय लावला. शालेत जायची तवा शेजारची काकी येनी घालायची. आईस बाजूला बसून बघायची. माजा लगीन झाला तवा पन नाय लावला. सगल्या बाया बोलल्या, अगं पोरीच्या डोक्याला तेल तरी लाव. ती उठून मागल्या दारी गेली.”

साहेब उभेच होते.

“तुमी आमच्याकरं तीन येला आलाव माफी मागाला. ती जित्ती होती. भाकर खाल्लीव तिच्या हातची. तवा ह्यो कागद नाय काढलाव.”

“नाही काढला.”

“का?”

“भीती वाटली.”

“तिला सांगितला असतात का तुजी चूक नाय, कागदावर मी खोटा लिवलाय, तर ती...” त्यांनी कागदाची घडी घातली. “ह्यो मी ठेवते. जावा आता. दोगंपन जावा.”

आम्ही निघालो. पाठीमागे दिनेशभाऊ काहीतरी बोलत होते. बाहेर आल्यावर मी साहेबांना म्हणाले, आजच का? उद्या सही आहे. तिच्या हातात पेन ठेवण्यासारखेच आहे हे.

“मॅडम, ती माझ्या शब्दावर आठ वर्षं थांबली. कुणाच्या शब्दावर थांबली ते तिला कळायला नको?”

“आणि तिने सही केली तर?”

“तर करेल. तिची जमीन आहे.”

मला ते पटले नाही. अजून पटलेले नाही. खरे बोलायची वेळ निवडायचा हक्क ज्याने तीस वर्षे लपवून गमावला त्याने नेमका हाच दिवस निवडावा, हा मला अन्याय वाटतो: त्या बाईंवर, बाकीच्या चार शेजाऱ्यांवर आणि स्वतःवरही. मी हे त्यांना रस्त्यात उभे राहून सांगितले. माझा आवाज चढला होता. रिक्षावाले बघत होते. साहेबांनी सगळे ऐकून घेतले, हो म्हणाले, आणि चपला हातात घेऊन बांधावरून आपल्या खाचराकडे गेले.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी ते रागाने चिंतते. जनार्दन गायकर यांनी शंभर वर्षे जगावे. त्यांचे गुडघे चिखलात उतरण्याइतके धड राहावेत आणि दृष्टी दुसऱ्याच्या शेतातली कीड ओळखण्याइतकी. ज्या खात्यांनी, ज्या कंपन्यांनी आणि ज्या विद्वानांनी त्यांच्यासारखेच केले आणि कधी कुणाच्या दारात गेले नाहीत, त्यांच्यासमोर हा एक माणूस बराच काळ हिंडताफिरता दिसावा. त्यांना शाल देऊ नये. द्यायचेच असेल तर त्या सहा खाचरांतला तांदूळ वर्षभर घ्यावा, लाल आहे म्हणून कुरकुर न करता. आणि त्यांना भूमिपुत्र म्हणू नये. त्यांना नाव आहे.

मी हा लेख सोमवारी संध्याकाळी लिहून संपवला. पुढचे मंगळवारी लिहिले आहे.

सकाळी साडेदहापासून दिनेशभाऊ कल्याणच्या कार्यालयात बाकावर बसले होते. त्यांनी बहिणीला चार वेळा फोन केला. नंदाताई गेल्या नाहीत. त्या सातलाच पाय ओढत शेतात उतरल्या होत्या. अकरापर्यंत त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मधल्या तुकड्यात वाल पेरला. शेजारच्या खाचरात गायकर साहेब वाल पेरत होते. दोघांमध्ये एक बांध होता. नंदाताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.